दुधाच्या किटलीतलं पाकीट

मंगळवार पेठेतल्या आमच्या औषधाच्या दुकानात बायका दोन प्रकारच्या गोळ्या नेतात. एक ओरडून मागतात. दुसरी मागतच नाहीत, काउंटरला खेटून उभ्या राहतात आणि दुकान रिकामं व्हायची वाट बघतात. पहिली पाळी पुढं ढकलायची, दुसरी पोर थांबवायची. पहिली देवासाठी असते म्हणून तिची लाज नाही. दुसरी बाईसाठी असते. एकवीस वर्षं मी हे बघते आहे आणि एकवीस वर्षं माझं डोकं फिरतं आहे.

गौरी-गणपती जवळ आले, नवरात्र आलं, कुणाकडं सत्यनारायण, कुणाकडं वास्तुशांत, की आमच्या काउंटरवर हीऽ गर्दी. खेड्यातनं बाजाराला आलेली एखादी बाई रस्त्यावरूनच माझ्या नवऱ्याला आवाज देते, "ओ पावणं, पाळी लांबवायच्या दोन पट्ट्या काढून ठेवा की, भाजी घिऊन आलोच." कुणाला काही वाटत नाही. सासवा सुनांसाठी नेतात, आया पोरींसाठी नेतात, दोन-चार नवरेही नेतात. खरं तर डॉक्टरची चिठ्ठी बघितल्याशिवाय ती गोळी द्यायची नसते. कुणी चिठ्ठी आणत नाही आणि आम्हीही मागत नाही. दुकानाचा परवाना माझ्या नावावर आहे, फोटोसकट भिंतीवर टांगलेला, म्हणून हे माझ्याच तोंडानं सांगितलेलं बरं.

दुसरी गोळी मात्र मी खालच्या खणातनं काढते, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळते आणि काळ्या पिशवीत घालते. मला हे करायला कुणी सांगितलेलं नाही. सासरे दुकान बघायचे तेव्हापासूनची पद्धत, माझ्याही हातात बसली.

आमच्या पेठेत बाईला विचारा, पोर होऊ नये म्हणून काय करता, तर बहुतेकींचं उत्तर एकच, ऑपरेशन. 'माझं ऑपरेशन झालंय' असं कुणी म्हणालं की कसलं ते विचारावं लागत नाही. पण ऑपरेशन होईपर्यंतची मधली वर्षं? तांबी बसवली तर ती वर सरकून काळजात जाते. गोळीनं अंगात उष्णता होते, तोंडावर वांग येतात, पुढं मूलच राहत नाही. हे सगळं मला, औषधं शिकलेल्या बाईला, समोर उभं राहून समजावून सांगतात. आणि पुरुषाच्या नसबंदीचा विषय काढला तर मी कुणाच्या घरावर दगड मारल्यासारखं बघतात.

आणि मी तरी काय मोठी शहाणी? माझा नवरा दिवसभर निरोधची पाकिटं बिस्किटाच्या पुड्यासारखी हातावेगळी करतो. दुसरा मुलगा झाल्यावर मी घरात तोच विषय काढला तर साहेब पंख्याकडं बघत बसले. शेवटी मी एकटीच जाऊन तांबी बसवून आले आणि सासूबाईंना सांगितलं, पोटाचा फोटो काढायला गेले होते. त्या खोट्याचा मला आजही राग येतो. त्या दिवशी घरात सगळे मजेत जेवले आणि मी पोट धरून भाकऱ्या केल्या.

आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एक दूधवाल्यांचं घर आहे. मागं गोठा, सात म्हशी, सकाळ-संध्याकाळ गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात. घरात सासूचं राज्य. मुलगा एके काळी तालमीत घुमायचा, खांदा निखळला तशी कुस्ती सुटली, पण पैलवानकीचा तोरा सुटला नाही. त्याला कुणी नसबंदीचं सुचवलं तेव्हा म्हणाला होता, "अंगातली रग जाती. मी काय बैल हाय व्हय?" त्याची बायको गगनबावड्याकडच्या एका गावातली, बारावी झालेली, अंगानं काटकुळी. तिला पहिली मुलगी, दुसरा मुलगा, दोन्ही वेळा पोट फाडून. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं होतं की हिचं शरीर तिसरं झेलणार नाही, आत्ताच ऑपरेशन करून टाकू. सासू म्हणाली, एका पोराचा काय भरवसा, जोडी पायजे. नवऱ्यानं सही दिली नाही. तिला तर कुणी विचारलंही नाही.

ती रोज सकाळी आमच्या घरी दूध घेऊन यायची. दोन किटल्या होत्या. भरलेली ठेवायची, आदल्या दिवशीची धुतलेली घेऊन जायची. मुलगा वर्षाचा झाला असेल तेव्हा एके दिवशी उंबऱ्यातच थांबली आणि खालमानेनं म्हणाली, "वैनी, मला आता पुरं झालंय. तिसरं राहिलं तर मी जगायची न्हाय. काय तरी द्या."

तेव्हापासून आमचं ठरलं. महिन्याच्या एका ठरावीक दिवशी मी रिकामी किटली कोरडीठाक पुसायची, आत गोळ्यांचं पाकीट ठेवायचं आणि झाकण लावून तिच्या हातात द्यायचं. ती फक्त एवढंच म्हणायची, "किटली नीट पुसलीया न्हवं, वैनी?" घरी ते पाकीट ती गोचिडाच्या पावडरीच्या डब्यात ठेवायची. त्या पावडरीनं सासूला शिंका यायच्या, म्हणून तो डबा सासू कधी उघडत नसे. स्वतःच्या पोटाची काळजी घ्यायला त्या पोरीला म्हशीच्या औषधाचा आडोसा घ्यावा लागत होता. पण दीड वर्ष ते सुरळीत चाललं.

मग दत्तजयंती आली. त्यांच्या घरी सात दिवसांचं पारायण आणि शेवटी नृसिंहवाडीला जाऊन प्रसाद. सासू सुनेला घेऊनच दुकानात आली. भर संध्याकाळ, समोर पाच-सहा गिऱ्हाइकं. "ए वैनी, हिला पाळी लांबवायच्या गोळ्या दे. कमी पडाय नगोत, चांगल्या चार पट्ट्या दे. कडक सोवळं हाय औंदा."

सून मागं उभी होती आणि माझ्याकडं टक लावून बघत होती. खरं उत्तर माझ्या जिभेवर होतं. तिच्याकडं जे पाकीट होतं त्यातल्या शेवटच्या सात तपकिरी, नुसत्या लोहाच्या गोळ्या सोडून लगेच नवं पाकीट सुरू केलं असतं तर पाळी आपोआप पुढं गेली असती. दुसऱ्या कुठल्याच गोळीची गरज नव्हती. पण हे सासूसमोर बोलायचं कसं? मी मुकाट्यानं चार पट्ट्या काढल्या, वर पेननं 'रोज तीन' लिहिलं आणि उघड्याच हातात दिल्या. ह्या गोळीनं दिवस राहायचे थांबत नाहीत, एवढं एक वाक्य बोलले असते तरी चाललं असतं. नाही बोलले.

जानेवारीत मी किटलीत पाकीट ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी ते तसंच परत आलं. ती हसून म्हणाली, "आता नगो, वैनी." मला वाटलं, नवरा वठणीवर आला असेल, काहीतरी मार्ग निघाला असेल. विचारायचं दोन-तीनदा मनात आलं. पण सकाळी दुकान उघडायची घाई, डबे, अंघोळी, राहून गेलं.

फेब्रुवारी सरता सरता ती उंबऱ्यात बसली. बसायची नाही कधी, त्या दिवशी मटकन बसली.

"वैनी, दोन म्हैनं झालं. उलट्या हुत्यात."

"पाकीट का परत केलंस?"

"ती दुसरी गोळी चालू हाय की. पारायणातली उरली हुती. आत्तींनी देवाजवळच ठेवलीया." सासूला ती आत्ती म्हणायची. "रातच्याला हे जवळ आलं की दुसऱ्या दिशी एक घेती. त्यात लपवायचं काय न्हाय. उलट आत्तीच म्हणल्या, घे की, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अडचण नगो. मला वाटलं, पाळीच आली न्हाय तर पोर कुठनं राहील? आन् पाळी आली न्हाय, तर म्हणलं, गोळीचा गुण हाय."

 किती सरळ हिशेब होता तिचा. एक गोळी डब्यात लपवायची, तीही पावडरीच्या वासात. दुसरी देवाजवळ, उघड, सासूच्या हातची. जी देवाला चालते, घराला चालते, तीच चांगली असणार. मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. मला तिचा राग आला नाही. मला त्या देवाजवळच्या पट्टीवर लिहिलेल्या 'रोज तीन' ह्या माझ्याच अक्षराचा राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला गाडीवर मागं बसवून गर्भपातासाठी एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाई आत ऑपरेशनमध्ये होत्या. बाहेर बसलेल्या मदतनीस बाईनं कागद पुढं केला आणि म्हणाली, नवऱ्याला घेऊन या, त्याची सही लागते. मी म्हटलं, लागत नाही, सज्ञान बाईची एकटीची सही पुरते, कायदा आहे. ती म्हणाली, आमच्याकडं असंच असतं. मी आवाज चढवला. तिनंही चढवला. बाकड्यावरच्या बायका माना वळवून ऐकायला लागल्या. आणि ह्या सगळ्यात ही पोरगी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती. चार वाजत आले होते.

"धारंची येळ झाली, वैनी. म्हशी वरडत असतील. आत्ती हुडकत येतील."

मी तिचा हात धरला. तिनं तो हळूच सोडवून घेतला आणि जिना उतरून गेली. दहा मिनिटांनी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी आधी त्या मदतनीस बाईला झापलं, मग मला म्हणाल्या, कुणाची सही नको, उद्या घेऊन या तिला.

उद्या उजाडला तो पेढ्यांनी. दूध घेऊन सासूच आली होती. सुनेला गव्हाणीपाशी उलटी करताना तिनं पकडलं होतं आणि तिचा चेहरा आनंदानं फुलला होता. माझ्या हातावर पेढा ठेवून म्हणाली, "आता जोडी हुणार बघ." तो पेढा मी नळाखाली धरला आणि तो विरघळून जाईपर्यंत नळ बंद केला नाही.

त्याच उन्हाळ्यात ही सासू म्हशीसाठी कॅल्शियमची बाटली घ्यायला दुकानात आली. सुनेला चौथा महिना होता, तोंड उतरलेलं, घागरी अजून तीच उचलत होती. सासू मला सांगत होती, की नवी म्हैस ह्या वेताला लई थकली हाय, तिला इतक्यात रेड्याकडं न्यायची न्हाय, अंग धरू दे, घाई केली तर जनावर हातचं जातंय. म्हशीला दोन वेतांमध्ये किती दिवस विसावा द्यायचा हे त्या बाईला तोंडपाठ होतं. मी बाटली दिली आणि आत जाऊन खोक्यावर बसले. 

सप्टेंबरअखेर तिसऱ्यांदा तिचं पोट फाडलं. रक्त थांबेना. बाटल्यांवर बाटल्या चढवल्या, दोन दिवस ती अतिदक्षता विभागात होती. नाकातोंडात नळ्या, आणि पायाच्या भेगांत गोठ्यातली माती तशीच. वाचली. मुलगी झाली. टेबलावर घ्यायच्या आधी तिनं स्वतः डॉक्टरांना सांगितलं होतं, ऑपरेशन करून टाका. पण कागद बाहेर नवऱ्याकडं आला. मुलगी झाली कळल्यावर सासू म्हणाली, आता ऑपरेशन कसलं? आणि पैलवानानं पुन्हा सही दिली नाही. त्यालाही नवऱ्याची सही लागत नाही, पण मागतात. मागतात आणि मग ती नाही म्हणून बाईला तसंच शिवून बाहेर आणतात. हे लिहितानाही माझे दात आवळले जात आहेत.

काही महिने ती माहेरी राहून आली. मुलगी आठ महिन्यांची झाली तशी किटली पुन्हा सुरू झाली. ह्या वेळी मी तिला सगळं नीट समजावलं, कुठली गोळी कशाची, कधी घ्यायची, राहिली तर काय करायचं. समजावलं, पण उंबऱ्यात, कुजबुजत.

पुन्हा दत्तजयंती आली. आणि पुन्हा ती सासू आमच्या काउंटरसमोर. "ए वैनी, हिच्या पाळीच्या गोळ्या दे. चार पट्ट्या, मागच्यावाणी."

मागच्यावाणी! माझं टाळकंच सरकलं. दुकान भरलेलं होतं, त्याची पर्वा राहिली नाही. मी म्हटलं, "मागच्यासारख्या का, मावशी? त्याच गोळीनं तुमची सून मरायला टेकली होती. देवाजवळची गोळी खाऊन ती पोर थांबवायला बघत होती. पोर थांबवायची गोळी वेगळी असते. ती ह्या खणात असते. म्हशीला विसावा देता, मग हिला कोण देणार?"

 सासूचा चेहरा दगडासारखा झाला. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "ती काय करत हुती, तुला कसं म्हाईत?"

तेव्हा मला कळलं मी काय करून बसले. सासू गोळ्या न घेताच निघून गेली. माझा नवरा एवढंच म्हणाला, "झालं समाधान?"

दुसऱ्या दिवशी दूध आलं नाही. दुपारी पैलवान येऊन सांगून गेला, आमचं दूध बंद. त्यांची एक किटली आमच्या ओट्यावर राहिली होती, ती मागायचंही त्याला सुचलं नाही. मी कॅलेंडर काढलं. तिच्या पाकिटात नऊ गोळ्या उरल्या असणार, तेही तो डबा सासूनं अजून उघडला नसेल तर. नऊ दिवसांनी पाकीट रिकामं होणार होतं आणि ती चौथ्यांदा पोट फाडून घ्यायला मोकळी. आणि हा रस्ता सासूनं बंद केला नव्हता, माझ्या तोंडानं बंद केला होता. मी रागावले, मला बरं वाटलं, आणि किंमत तिनं मोजायची. त्या नऊ दिवसांत मी दोनदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि परत आले. गोठ्याच्या दारात सासू खुर्ची टाकून बसलेली असायची.

नवव्या दिवशी संध्याकाळी दुकानात नेहमीची गर्दी होती. एक म्हातारबाबा खोकल्याचं औषध मागत होते, दोन बायका पट्ट्या मोजून घेत होत्या. त्यांच्यामागं ती येऊन उभी राहिली. कडेवर पोर, लुगड्याच्या काठाला शेणाचा डाग, हातात किटली नाही, पिशवी नाही, काही नाही. वाट बघत थांबली नाही. सरळ पुढं आली आणि तिची सासू मागायची तशा खणखणीत आवाजात म्हणाली, "वैनी, पोर थांबवायची गोळी द्या."

म्हातारबाबा खोकायचे थांबले. त्या दोन बायकांनी एकमेकींकडं बघितलं.  वाटत होतं काउंटर ओलांडून तिला मिठी मारावी. आणि तेवढ्यात माझ्या हातांनी सवयीनं खण उघडला, पाकीट काढलं, वर्तमानपत्राचा कागद ओढला, चारी बाजूंनी दुमडून पाकीट गुंडाळलं आणि काळी पिशवी झटकून उघडली.

ती माझ्या हातांकडं बघत होती.

"कागद कशाला, वैनी?" ती म्हणाली. "आत्तींच्या गोळीला गुंडाळता व्हय?"

तिनं पुडी माझ्या हातातनं घेतली, कागद सोडवला, काचेवर ठेवला आणि उघडं पाकीट हातात धरून, पोराला सावरत, गल्लीत शिरली. मी त्या चुरगळलेल्या कागदाकडं बघत उभी राहिले. तो गुंडाळायला मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं.